मध्यरेषेपाशी सोडायची केसभर फट

ओरिगामीत, म्हणजे कागद दुमडून आकार घडवण्याच्या कलेत, चौरस कागदातून टोकदार चोचीचा, ताठ मानेचा एक क्रौंच घडवायला मला जवळजवळ चार महिने लागले. घड्या येत नव्हत्या असे नाही. दरीघडी (आत खोल जाणारी), डोंगरघडी (बाहेर उंचावणारी), प्रिलिमिनरी बेस (चौरस मिटवून केलेला सुरुवातीचा छोटा चौकोनी पाया), त्यावरची पेटल फोल्ड (थर उचलून पाकळीसारखा लांब उघडणारी घडी) आणि त्यातून तयार होणारा बर्ड बेस (पक्ष्यासाठीचा लांबट पाया) हे सगळे पहिल्या पंधरवड्यातच हाताला सरावाचे झाले होते. तरीही मान वर उचलायची वेळ आली की कागद मध्येच अडायचा, थर एकमेकांवर चढायचे, टोक चुरगळायचे आणि मानेच्या बुंध्याशी बारीकशी चीर पडायची. ओरिगामी नुकती शिकू लागलेल्या ज्यांचे हात याच टप्प्यावर अडले असतील, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

त्या चार महिन्यांत मी मानेचीच घडी पुन्हापुन्हा घालत राहिले, आणि तोच माझा सर्वांत मोठा गैरसमज होता. ओरिगामीत चूक जिथे दिसते तिथे ती बहुधा झालेली नसते. ती पाच-सात घड्या आधी झालेली असते आणि तोपर्यंत थरांखाली दडून बसते. हे मला एका ज्येष्ठ ओरिगामीकारांनी दाखवून दिले. मी माझा बिघडलेला क्रौंच त्यांच्यासमोर ठेवला आणि मान कशी दुरुस्त करावी असे विचारले, तेव्हा त्यांनी मानेला हातही लावला नाही. त्यांनी तो पक्षी हळूहळू पूर्ण उलगडला, कागद खिडकीच्या उजेडात धरला आणि कोपऱ्याकडे निमुळत्या होत गेलेल्या दोन वळांवर, म्हणजे घडीच्या खुणांवर, बोट ठेवले. ज्या रेषेवर कड येऊन थांबायला हवी होती, ती रेषा ओलांडून कड पलीकडे गेल्याची खूण तिथे स्पष्ट उमटलेली होती. “इथे कड रेषेवर चढली आहे,” ते म्हणाले. “अर्धा मिलिमीटर अलीकडे थांबा.”

हा अर्धा मिलिमीटर नीट समजून घ्यावा, कारण कितीतरी आकृत्यांमध्ये तो दाखवलेला नसतो. बर्ड बेस तयार झाल्यावर खाली जी दोन लांब टोके राहतात, त्यांतले एक पुढे मान होते आणि दुसरे शेपटी. त्यांना बारीक करण्यासाठी बाहेरच्या कडा मध्यरेषेपर्यंत आणून दुमडायच्या असतात, पुढच्या बाजूने आणि मागच्या बाजूनेही. आकृतीत कड रेषेला अचूक टेकलेली दिसते, कारण आकृतीतल्या कागदाला जाडी नसते. आपल्या हातातल्या कागदाला मात्र जाडी असते. नेहमीचा ८० ग्रॅमचा छपाईचा कागद सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो, आणि बारीक केल्यानंतर क्रौंचाच्या मानेत कागदाचे आठ थर एकावर एक बसलेले असतात. म्हणजे जी मान आपण एका रेषेइतकी सपाट समजत असतो, ती प्रत्यक्षात ०.८ मिलिमीटरच्या आसपास जाड असते.

आता मान वर उचलणारी इनसाइड रिव्हर्स फोल्ड करताना काय होते ते पाहा. या घडीत टोक आतून बाहेर उलटते. मघाशी बाहेरच्या बाजूला दिसणाऱ्या, मध्याकडे दुमडलेल्या दोन पट्ट्या मानेच्या आत जातात आणि एकमेकींसमोर येतात. त्यांच्या कडा मानेच्या कण्याला, म्हणजे मधल्या वळाला, आतल्या बाजूने भिडतात. कडा वळाच्या किंचित अलीकडे थांबलेल्या असतील, तर कणा मिटायला जागा मिळते आणि मान हलक्या दाबाने सपाट होते. कडा वळावर टेकलेल्या किंवा त्याच्या पलीकडे गेलेल्या असतील, तर कण्यात कागद कोंबला जातो, वळ मिटत नाही आणि आपण जोर लावला की सर्वांत कमकुवत जागा, म्हणजे टोक किंवा बुंधा, आधी हार मानते. माझ्या प्रत्येक फाटलेल्या मानेचे कारण हेच होते.

तेव्हा बारीक करण्याची घडी अगदी टोकापासून सुरू करावी, कड मध्यरेषेजवळ आणावी, रेषा केसभर उघडी दिसते आहे याची खात्री करावी, आधी बोटाच्या हलक्या स्पर्शाने घडी बसवावी आणि मगच नखाने ती पक्की करावी. १५ सेंटिमीटरच्या चौरसात ही फट रुंद बाजूला अर्धा मिलिमीटर पुरते आणि टोकाकडे ती आपोआप निमुळती होत नाहीशी होते. फट सोडायची म्हणून ती वाढवू नये. हे कळल्यानंतरच्या उत्साहात मी दोन-दोन मिलिमीटर जागा सोडू लागले आणि मान जाड, बोथट होऊन बसली. हा नियम सरसकट लावणेही तितकेच घातक आहे. पहिल्या घड्यांना, म्हणजे कर्णांना आणि कडेवर कड आणून घातलेल्या मधल्या घड्यांना, फट मुळीच चालत नाही. तिथे कोपऱ्यावर कोपरा तंतोतंत बसलाच पाहिजे. जी कड पुढे एखाद्या वळाच्या आत मिटणार आहे, तिच्यापुरतीच ही सवलत आहे.

कागदाबद्दल मी थोडक्यात आणि स्पष्ट सांगते. कागद चौरस नसेल तर पुढचे सगळे श्रम वाया जातात. ए-फोर आकाराच्या कागदातून चौरस कापला असेल, तर दोन्ही कर्णांवर तो दुमडून पाहावा. एकदा जरी कडा जुळल्या नाहीत, तर तो कागद बाजूला ठेवावा. शिकताना एका बाजूने रंगीत असलेला पातळ कागद घ्यावा, कारण पांढरी बाजू जिथे डोकावते तिथे आपली घडी सरकली आहे हे तत्काळ कळते.

बेस मिटवताना कागद सपाट बसत नसेल, तर घाबरून तो दाबू नये, वळ मोजावेत. सपाट मिटणाऱ्या घडीत कोणत्याही एका बिंदूवर येणाऱ्या डोंगरघड्या आणि दरीघड्या यांच्या संख्येतला फरक नेहमी दोनच असतो. हा नियम जपानी ओरिगामीकार जुन मायेकावा यांच्या नावाने ओळखला जातो. प्रिलिमिनरी बेसच्या मध्यबिंदूवर रंगीत बाजूने पाहिले, तर चार डोंगर आणि दोन दऱ्या असतात, आणि उरलेल्या कर्णाची दोन टोके त्या घडीत सपाटच राहतात. मला तो बेस कधी फुगीर वाटला, तेव्हा मोजल्यावर बहुतेक वेळा एखादा वळ उलट्या दिशेने बसलेला सापडला. नवशिक्यांना गणिताची भीती वाटू नये. इथे सहापर्यंत मोजता आले की पुरते.

शिकण्याच्या मार्गांविषयी माझी काही ठाम मते आहेत आणि ती सगळ्यांना पटतील असे नाही. व्हिडिओ पाहून पहिला प्राणी घडवणे सोपे वाटते, परंतु नेमकी अवघड घडी दाखवताना बोटांनी कागद झाकलेला असतो आणि आपण दुसऱ्याच्या हाताच्या वेगाची नक्कल करू लागतो. आकृत्या वाचायला सुरुवातीला वेळ लागतो, तरी त्या वाचायला शिकावेच. तुटक रेषा आणि बाण यांची ही भाषा जपानी ओरिगामीकार अकिरा योशिझावा यांनी १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातून रुजवली आणि पुढे ओरिगामीवर पुस्तके लिहिणारे सॅम्युएल रँडलेट व रॉबर्ट हार्बिन यांनी ती जगभर पोहोचवली. ती एकदा आली की कोणत्याही भाषेतल्या पुस्तकातून प्राणी घडवता येतो. वळ आधीच छापलेले कागद मी कोणालाही सुचवणार नाही, कारण कड कुठे थांबवायची हा निर्णय त्यात आपल्या हातून काढून घेतला जातो. आणि जो मार्गदर्शक आपल्या हातातला कागद घेऊन अडलेली घडी स्वतः घालून परत देतो, त्याच्याकडे फार काळ राहू नये. तो प्रेमाने करत असेल, पण त्याने अडचण सुटते ती त्याच्या बोटांत, आपल्या बोटांत नाही. मला ज्यांनी शिकवले त्यांनी चार भेटींत माझ्यासाठी एकही घडी घातली नाही, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

क्रौंच जमल्यावर लगेच अवघड कीटकांकडे वळू नये. वीस पायऱ्यांचा प्राणी चुकला तर चूक शोधता येते. दीडशे पायऱ्यांचा चुकला तर कुठे पाहावे हेच कळत नाही. मात्र पहिल्या काही कागदांत काहीच धड आले नाही, म्हणून आपल्या हाताला हे जमणारच नाही असा निष्कर्षही काढू नये. माझे पहिले कागद उलगडून मी एका फाइलमध्ये ठेवले आहेत आणि त्यांवरचे वळ महिन्यागणिक सरळ होत गेलेले स्पष्ट दिसतात. बिघडलेला प्राणी टाकून देण्यापूर्वी तो एकदा उलगडावाच. कागद सपाट करून टोकांजवळचे वळ पाहिले की कोणती कड सरकली हे कोणालाही न विचारता कळते.

क्रौंचानंतर पारंपरिक बेडूक घ्यावा असे मी सुचवीन. फ्रॉग बेसमध्ये, म्हणजे बेडकासाठीच्या पायात, पेटल फोल्ड चारही बाजूंना करावी लागते, चार पाय बारीक करावे लागतात आणि प्रत्येक पायाला रिव्हर्स फोल्ड द्यावी लागते, त्यामुळे मध्यरेषेपाशी फट सोडण्याचा सराव एकाच प्राण्यात कितीतरी वेळा होतो. इथे माझा कागद क्रौंचापेक्षाही लवकर फाटला, कारण पुढचे पाय करताना ठेवलेली काळजी मागच्या पायांपर्यंत पोहोचेपर्यंत ओसरली होती. म्हणून आता मी एका पायाच्या घड्या संपल्या की कागद खाली ठेवते, बोटे मोकळी करते आणि मगच पुढचा पाय हातात घेते. शेवटी उघड्या टोकाशी राहिलेल्या बारीक छिद्रातून फुंकर घालून पोट फुगवायचे असते. फुंकर घालण्यापूर्वी पाय बोटांच्या चिमटीत सैल धरावेत आणि पोटाच्या कडा हलकेच उकलून घ्याव्यात, म्हणजे हवा आत शिरते आणि वळ न तुटता बेडूक भरून येतो.