वक्र पडद्याचा टीव्ही: घेण्याआधी दोरी लावून बघा

असे टीव्ही २०१३-१४ च्या सुमारास बाजारात आले. आता नवे क्वचितच बनतात, म्हणून गावाकडे मिळतो तो बहुतेक वापरलेलाच.

पडदा किती वळलाय ते कळायला त्याच्या डाव्या-उजव्या कडांवर दोरी ताणून धरा आणि मधला खोलगटपणा पट्टीनं मोजा. पट्टी काचेवर टेकवू नका. ४२०० आर वळणाच्या ५५ इंची पडद्यात तो साधारण साडेचार सेंटिमीटर भरतो. ४२०० आर म्हणजे त्रिज्या ४.२ मीटर, वळणाचा खरा फायदा तेवढ्याच अंतरावर, मधोमध बसणाऱ्याला. बारा फुटी खोलीत ते अंतरच मिळत नाही. सतरंजीवर घरचे-शेजारचे दहा जण पसरले, की कडेच्याला जवळची बाजू दबलेली दिसते. एकट्यादुकट्यानं बघायचा असेल तर मात्र मजा आहे.

दारासमोर ठेवू नका. ओसरीतलं ऊन पडद्यात पसरट होऊन चमकतं.

मातीच्या भिंतीत स्क्रू धरत नाहीत. स्टँडसकट भक्कम टेबलावरच ठेवा. उचलताना दोघं लागतात, हात खालच्या कडेला. काचेवर अंगठा दाबला की पॅनल गेलं, आणि बदली पॅनल शोधत फिरण्यापेक्षा दुसरा टीव्ही घेतलेला बरा.