दूध संस्थेच्या ॲपसाठी बॅकएंड: फायरबेस घ्यायचं की सर्व्हर आपला टाकायचा?

मी गावोगावच्या दूध संस्थांना संकलनाची ॲपं करून देतो. चेअरमनसाहेबांचा पहिला प्रश्न पैशाचा असतो, माझा नेटचा. सकाळच्या संकलनाला रांग लागलेली असताना लाईट गेली, रेंज गेली, तर लिटर-फॅट-एसएनएफची (फॅट सोडून दुधातले घन घटक) नोंद कुठे जाणार? यावर बॅकएंडचा, म्हणजे ॲपमागे डेटा सांभाळणाऱ्या भागाचा, निम्मा निर्णय होतो.

फायरबेस ही गूगलची तयार क्लाउड सेवा; तिच्यातल्या फायरस्टोअर या डेटाबेसवरच्या अँड्रॉइड ॲपमध्ये ही सोय आयती मिळते. नोंद आधी मोबाईलमध्ये बसते आणि रेंज आली की आपोआप वर जाते. फक्त ट्रान्झॅक्शन (आधी वाचून मग एकदमच बदल लिहिण्याची पद्धत) वापरू नका, ते नेटशिवाय चालतच नाही. प्रत्येक नोंदीला तारीख आणि वेळेवरून ठरलेली ‘की’, म्हणजे ओळखीचं नाव, द्या, उदाहरणार्थ ‘०३-सकाळ’. सचिवांनी बटण दोनदा दाबलं तरी दूध दुप्पट होत नाही. पॉकेटबेससारखं तयार बॅकएंड सॉफ्टवेअर घेऊन स्वतःचा सर्व्हर टाकलात तर हे सगळं सिंकिंग तुम्हालाच लिहावं लागेल, आणि ते काम दिसतं त्यापेक्षा फार किचकट आहे.

आता पैसे. फायरस्टोअर रीडवर आकारणी करतं, म्हणजे एक डॉक्युमेंट (डेटाचं एक पान) वाचलं की एक रीड; लिहिलं की राइट. फुकटात दिवसाला ५०,००० रीड आणि २०,००० राइट मिळतात. समजा ३०० उत्पादक आहेत, प्रत्येकजण दिवसातून तीनदा ॲप उघडून महिन्याच्या ६० नोंदी बघतो. नोंदीगणिक एक डॉक्युमेंट ठेवलं असेल तर ५४,००० रीड झाले, मर्यादा संपली. त्याऐवजी एका उत्पादकाचा एक महिना एकाच डॉक्युमेंटमध्ये ठेवा. डॉक्युमेंटला १ एमबीची मर्यादा आहे, ६० नोंदी त्यात आरामात मावतात. रीड उरतात ९००.

फुकटच्या प्लॅनवर मर्यादा ओलांडली की रीड बंद होतात, आणि कोटा नव्याने सुरू होतो तो पॅसिफिक वेळेच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेबारा किंवा दीडला. संध्याकाळी संपला तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या संकलनाच्या वेळीही रीड बंदच. पैसे भरायच्या प्लॅनवर असं होत नाही, पण तिथला बजेट अलर्ट नुसता मेल पाठवतो, खर्च थांबवत नाही. आणखी एक: डेटाबेस बनवताना लोकेशन मुंबई निवडा. नंतर बदलता येत नाही.

मग स्वतःचा सर्व्हर कधी? हिशेब जड असेल तेव्हा. दहा दिवसांचं बिल, त्यातून पशुखाद्य आणि ॲडव्हान्सची कपात, वर्षाअखेरचा बोनस ही कामं एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत, दोन-चार ओळींत होतात. फायरस्टोअरमध्ये त्यासाठी कोड लिहीत बसावं लागतं. पॉकेटबेस म्हणजे एकच फाइल, आत एसक्यूलाइट हा एसक्यूएलवर चालणारा डेटाबेस. १ जीबी रॅमचं भाड्याचं मशीन एका संस्थेला पुरतं. त्याच्यासमोर कॅडी हा वेब सर्व्हर लावला की एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट तोच आणतो आणि वेळच्या वेळी नवं करतो. सुपाबेस हे तसंच दुसरं बॅकएंडही स्वतः चालवता येतं, पण ते बरेच कंटेनर (वेगवेगळे चालवावे लागणारे प्रोग्रॅम) घेऊन येतं; एका संस्थेसाठी एवढा संसार मी मांडत नाही. पॉकेटबेस अपग्रेड करण्याआधी बदलांची यादी मात्र वाचा, ०.२३ ला बरंच काही इकडचं तिकडे झालं होतं.

बॅकअप त्याच मशीनवर ठेवला तर तो बॅकअप नव्हे. दुसरीकडे पाठवा, आणि महिन्यातून एकदा लॅपटॉपवर उतरवून पॉकेटबेस चालू करून एखाद्या उत्पादकाचं बिल जुळतंय का ते बघा. पहाटे पाचला सर्व्हर पडला तर फोन कोण उचलणार, हेही आधीच ठरवा. नाव सांगता येत नसेल तर क्लाउडच घ्या.

क्लाउड घेतलंत तरी परतीची वाट ठेवा. पार्स ही अशीच सेवा फेसबुकने २०१३ मध्ये घेतली, २०१६ च्या जानेवारीत बंद करणार म्हणून सांगितलं आणि वर्षभराने बंद केली. कोड खुला करून दिला म्हणून बऱ्याच जणांचं निभावलं. मी दर बिलानंतर सगळ्या नोंदी सीएसव्हीत काढून संस्थेच्या कॉम्प्युटरवर टाकतो. सचिवांना ती एक्सेलमध्ये उघडता येते, ऑडिटरलाही तीच चालते.

माझ्या नव्या कामांत सध्या दोन्ही असतं: संकलन फायरस्टोअरवर, बिलं पॉकेटबेसवर, आणि रात्री एक छोटी स्क्रिप्ट इकडच्या नोंदी तिकडे नेते. दूध कमी आणि उत्पादक पन्नास-साठच असतील तर एवढा खटाटोप करू नका, फायरबेसच्या फुकट प्लॅनवर निवांत भागतं.