गल्लीच्या कोपऱ्यावरचा उकिरडा कायमचा हटवायचा तर

रविवारी सगळे झाडू घेऊन उतरतात, फोटो निघतात आणि गुरुवारपर्यंत कचरा परत तिथंच. जागा साफ झाली, पण टाकणाऱ्याची अडचण तशीच राहिली. म्हणून झाडू शेवटी.

आधी ८ दिवस नुसतं बघा. किती वाजता, काय पडतं ते वहीत लिहा. नावं लिहू नका, भांडण तिथूनच पेटतं. सोलापूरच्या पूर्व भागात बहुधा हे दिसेल: घंटागाडी येते तेव्हा घरची बाई विड्यांचा माल द्यायला कारखान्यात गेलेली आणि रात्रपाळी करून आलेला लूम कामगार झोपलेला. ओला कचरा दिवसभर घरात कोण ठेवणार? पिशवी कोपऱ्यावर जाते. अशा घरांचा कचरा शेजारच्यांनी झाकणाच्या बादलीत घेऊन गाडीत टाकायचा, हे घरटी ठरवा. वहीतल्या वेळा जोडून झोन कार्यालयात गाडीची वेळ बदलण्याचा अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं मुकादम बदलला की संपतं. जागा पालिकेची की खासगी, हेही तेव्हाच विचारा. खासगी असेल तर मालकाची लेखी संमती लागेल.

‘येथे कचरा टाकू नये’ ही पाटी कुणी वाचत नाही. गाडीची वेळ लिहा, मराठीत आणि तेलुगूत. गल्ली पाहून कन्नड, उर्दूतही.

साफसफाईला फावडी, घमेली, दाताळं, जाड हातमोजे हवेत. काच आणि ब्लेड हमखास निघतात, चपलेवर कुणी उतरू नये. ट्रॅक्टर आधी ठरवा; ढीग रात्रभर राहिला तर सकाळी दुप्पट झालेला असतो. राडारोडा वेगळा काढा, तो घंटागाडी घेत नाही.

रिकामी जागा त्याच आठवड्यात भरली पाहिजे. बसायला कट्टा, दिवा आणि झाडं. दोन चांगले पाऊस झाल्यावर २ फूट लांब-रुंद-खोल खड्डे घ्या. विटांचे तुकडे वेचून मातीत तिसरा हिस्सा कुजलेलं शेणखत घाला. कच्चं शेण घातलं तर वाळवी लागते. कडुनिंब, करंज भिंतीपासून १० फूट लांब. विजेच्या तारांखाली तगर. कण्हेर शेळ्या खात नाहीत खऱ्या, पण विषारी आहे, पोरं खेळतात तिथं नको.

खरी परीक्षा मार्चनंतर. पारा चाळिशीपार जातो, काळी माती भेगाळते आणि मुळं उघडी पडतात. नळालाही पाणी रोज नसतं. म्हणून प्रत्येक रोपापासून फूटभर लांब मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा. बुडाला बारीक भोक पाडून सुती चिंधीची वात घाला. या गावात चिंध्यांना तोटा नाही. तोंडावर झाकण हवंच, नाहीतर डास होतात. आळ्यात वाळका पाला पसरा. कडबा पसरू नका, त्याच्या वासानं जनावरं येतात आणि रोपही खाऊन जातात.

मडकी भरायची पाळी ‘सगळ्यांची’ ठेवली की कुणाचीच राहत नाही. एक झाड, दोन घरं. पाणी सुटेल त्या दिवशी दोन बादल्या, पहिले दोन उन्हाळे.