नवी इलेक्ट्रिक कार घेताना: आधीच झालेले नुकसान आणि हुकलेल्या सवलती यांबाबत काय करावे

नव्या इलेक्ट्रिक कारबद्दलच्या तक्रारी साधारणपणे दोन प्रकारच्या असतात. गाडी घरी आल्यावर एखाद्या दाराला पुन्हा रंग मारल्याचे किंवा खालच्या बाजूला खरचटल्याचे लक्षात येते. नाहीतर बुकिंगच्या वेळी कबूल केलेला होम चार्जर, एक्स्चेंज बोनस किंवा वर्षभराचे मोफत चार्जिंग मागायला गेल्यावर ‘ती स्कीम गेल्या महिन्यापुरती होती’ असे उत्तर मिळते. या दोन्ही तक्रारींत ग्राहकाची बाजू किती भक्कम राहील, हे बहुतांशी एका गोष्टीवर ठरते: गाडी त्याच्या नावावर नोंदली जाण्यापूर्वी त्याने काय पाहिले आणि काय लिहून घेतले. पुढील सर्व पायऱ्या हा क्रम डोळ्यांसमोर ठेवूनच सांगितल्या आहेत.

नोंदणीला इतके महत्त्व का, हे आधी समजून घ्यावे. मोटार वाहन नियमांनुसार तात्पुरती किंवा कायमची नोंदणी झाल्याशिवाय विक्रेत्याला गाडी ग्राहकाच्या ताब्यात देता येत नाही. त्यामुळे ‘डिलिव्हरीच्या दिवशी सावकाश पाहून घ्या’ असे शोरूममध्ये सांगितले जाते, तेव्हा त्या दिवसापर्यंत गाडी ग्राहकाच्या नावावर झालेली असते, विमा उतरलेला असतो आणि बँकेने कर्जाची रक्कमही दिलेली असते. १९३० च्या मालविक्री कायद्याने खरेदीदाराला माल तपासण्याची वाजवी संधी मागण्याचा हक्क दिला आहे. पण एकदा माल स्वीकारला की तो परत करण्याचा मार्ग अरुंद होतो आणि बहुतेक वेळा नुकसानभरपाईचाच मार्ग उरतो. म्हणून तपासणी नोंदणीपूर्वीच व्हायला हवी, आणि तशी अट बुकिंगच्या अर्जावर किंवा त्याच दिवशी पाठवलेल्या ईमेलमध्ये स्पष्ट लिहावी.

पहिली पायरी: बुकिंगच्या दिवशी सवलती कागदावर आणा

विक्री प्रतिनिधीने तोंडी सांगितलेली प्रत्येक गोष्ट एका ईमेलमध्ये लिहून त्यालाच पाठवावी आणि ‘मान्य आहे’ असे उत्तर मागावे. त्यात गाडीचे मॉडेल, व्हेरियंट, रंग, बॅटरीची क्षमता, रोख सवलत, एक्स्चेंज किंवा लॉयल्टी बोनस, कॉर्पोरेट सवलत, होम चार्जर आणि त्याच्या बसवणीचा खर्च, मोफत चार्जिंगची मुदत आणि वाढीव वॉरंटी या सर्वांचा स्वतंत्र उल्लेख असावा. होम चार्जरच्या बाबतीत ‘चार्जर मोफत’ एवढे पुरत नाही. किती किलोवॉटचा, किती मीटर वायर समाविष्ट आहे, महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागला तर तो खर्च कोणाचा, आणि सोसायटीची परवानगी मिळण्यास वेळ लागला तर सवलत किती दिवस राखून ठेवली जाईल, हेही विचारावे. सोसायटीच्या परवानगीत महिने जातात आणि तेवढ्यात चार्जरची मुदत संपते, म्हणून हा शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे.

सर्वांत निर्णायक प्रश्न असा की सवलत कोणत्या तारखेला धरून आहे: बुकिंगच्या, इन्व्हॉइसच्या की नोंदणीच्या? बऱ्याच योजना इन्व्हॉइस किंवा नोंदणीच्या तारखेवर अवलंबून असतात आणि महिनाअखेरीस बदलतात. कारखान्याकडून गाडी उशिरा आली, तर चूक ग्राहकाची नसतानाही सवलत हातची जाते. म्हणून ‘विलंब विक्रेत्याकडून किंवा कंपनीकडून झाल्यास बुकिंगच्या दिवशीच्या सवलती कायम राहतील’ हे वाक्य लिहून मागावे. विक्रेता ते देण्यास तयार नसेल, तर तेवढी जोखीम आपण पत्करत आहोत हे निदान पैसे भरण्यापूर्वी कळते.

काही आश्वासने मुळातच पोकळ असतात आणि ती ओळखता यायला हवीत. इलेक्ट्रिक वाहनांना प्रोत्साहन देणाऱ्या केंद्र सरकारच्या फेम-२ योजनेत खासगी वापराच्या कारला अनुदान नव्हते, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालेल्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेतही ते नाही. कर्जाच्या व्याजावर दीड लाख रुपयांपर्यंत प्राप्तिकर वजावट देणारे कलम ८०ईईबी केवळ १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांना लागू आहे, त्यामुळे आजच्या नव्या कर्जावर ती वजावट दाखवून किंमत ‘कमी’ करून सांगणे दिशाभूल करणारे आहे. राज्याचे प्रोत्साहन मिळणार असे सांगितले गेल्यास ते किमतीतून आधीच वजा होणार आहे की नंतर खात्यात येणार आहे, हे विचारावे. नंतर येणाऱ्या रकमेवर हप्त्यांचे गणित बांधू नये.

दुसरी पायरी: स्टॉकयार्डमध्ये (विक्रेत्याच्या गाड्या ठेवण्याच्या आवारात) जाऊन गाडी तपासा

आपल्याला दिल्या जाणाऱ्या गाडीचा चासी क्रमांक आधी मागून घ्यावा आणि तपासणीच्या वेळी तो प्रत्यक्ष गाडीवरील सतरा अक्षर-अंकी क्रमांकाशी ताडून पाहावा. उत्पादनाचा महिना व वर्ष विक्री प्रमाणपत्रात, म्हणजे फॉर्म २१ मध्ये, लिहिलेले असते. टायरच्या बाजूवरील चार अंकी आकडाही बोलका असतो: ३५२५ म्हणजे २०२५ सालचा पस्तिसावा आठवडा. चार टायरांच्या तारखांत मोठा फरक असेल किंवा एखाद्या काचेवरील खुणा इतर काचांशी जुळत नसतील, तर कारण विचारावे.

तपासणी दिवसाउजेडी आणि गाडी धुतलेली असतानाच करावी. तिरक्या नजरेने पाहिल्यास दाराचे, बॉनेटचे आणि छताचे पोचे दिसतात. पुन्हा दिलेला रंग रबरी पट्ट्यांच्या कडांवर आणि दाराच्या आतल्या घडीत पकडता येतो. रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र जवळ असेल तर उत्तम. कारखान्यातील रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो आणि एकाच पत्र्यावर आकडा एकदम दुप्पट झाला, तर तेथे काम झालेले आहे असे समजावे. प्लॅस्टिकच्या बंपरवर मात्र साधे यंत्र चालत नाही.

इलेक्ट्रिक कारमध्ये खरी काळजी खालच्या बाजूची घ्यावी लागते, कारण बॅटरीचा मोठा पॅक तळाशी असतो. ट्रेलरवर चढवताना किंवा यार्डातील खडबडीत जमिनीवर त्याच्या आवरणाला मार लागू शकतो, आणि वरून गाडी चकचकीत असली तरी तो दिसत नाही. म्हणून गाडी लिफ्टवर चढवून पॅकचे आवरण, त्याच्या कडा आणि केशरी रंगाच्या उच्च दाबाच्या तारा पाहू द्याव्यात, अशी मागणी न संकोचता करावी. खालच्या पत्र्यावर ठोक दिसली, तर ‘एवढे चालते’ या उत्तरावर पुढे जाऊ नये.

यार्डात बराच काळ उभ्या राहिलेल्या गाडीची १२ व्होल्टची छोटी बॅटरी वारंवार उतरते आणि टायर एका जागी चपटे होतात. मुख्य बॅटरीही पूर्ण भरलेल्या किंवा जवळजवळ रिकाम्या अवस्थेत महिनोन्‌महिने ठेवलेली चांगली नाही. त्यामुळे गाडी यार्डात कधी आली हे विचारावे, पडद्यावर कोणताही इशारा नाही ना ते पाहावे आणि एसी (सावकाश) व डीसी (जलद) या दोन्ही प्रकारे चार्जिंग थोडा वेळ करून पाहावे. किलोमीटरचा आकडा फोटोत टिपून ठेवावा.

आकडा संशयास्पद असेल, तर ही गाडी आधी डेमो म्हणून विक्रेत्याच्या नावावर नोंदली गेली होती का, हा प्रश्न लेखी विचारावा. त्याचे कारण केवळ वापराचे नाही. महिंद्रा बीई ६ किंवा एमजी विंडसर यांसारख्या गाड्यांवर बॅटरीची आजीवन वॉरंटी पहिल्या मालकापुरती असते. आधी नोंदणी झालेली गाडी ‘नवीसारखी’ म्हणून घेतली, तर ग्राहक कागदोपत्री दुसरा मालक ठरतो आणि गाडीतील सर्वांत महागड्या भागाची हमी पहिल्याच दिवशी आक्रसते. डेमो गाडीवर मिळणारी सवलत या तोट्याशी तोलूनच घ्यावी.

तिसरी पायरी: नोंदणीपूर्वी नुकसान सापडल्यास

फोटो आणि सलग व्हिडिओ घ्यावा, त्यात चासी क्रमांक आणि नुकसान दोन्ही दिसावे. त्याच दिवशी विक्री व्यवस्थापकाला ईमेल करावा, कंपनीच्या ग्राहक कक्षाला त्याची प्रत द्यावी आणि ‘या चासी क्रमांकाची गाडी माझ्या नावावर नोंदवू नये, उर्वरित रक्कम थांबवावी’ असे स्पष्ट लिहावे. कर्ज मंजूर झालेले असेल, तर बँकेलाही रक्कम अदा न करण्याबद्दल लेखी कळवावे. या टप्प्यावर मागणी एकच असावी: दुसरी गाडी, आणि ती आधी ठरलेल्या सवलतींसह. दुसरी गाडी पुढच्या महिन्यात येणार असेल, तर नुकसान टाळताना सवलत गमावण्याची वेळ येते. म्हणून या दोन्ही गोष्टी एकाच पत्रात मागाव्यात.

अगदी बारीक ओरखडा पॉलिशने जात असेल आणि गाडी तातडीने हवी असेल, तर तडजोड करण्यात गैर नाही. मात्र तिचा मोबदला ॲक्सेसरीजमध्ये घेण्यापेक्षा इन्व्हॉइसवरील रकमेत घ्यावा, कारण मॅट आणि सीट कव्हरची छापील किंमत आणि त्यांचे खरे मोल यांत बरेच अंतर असते. बॅटरी पॅकच्या बाबतीत तडजोड करू नये.

चौथी पायरी: ताबा घेतल्यावर लक्षात आल्यास

डिलिव्हरी नोटवर सही करण्यापूर्वी काही दिसले, तर सहीच्या वर हाताने ‘पुढील दोष नोंदवून गाडी स्वीकारली’ असे लिहून दोष नमूद करावेत आणि पानाचा फोटो घ्यावा. घरी आल्यावर दिसले, तर त्याच दिवशी कळवावे. जितके दिवस जातील तितके ‘हे तुमच्याकडेच झाले’ म्हणणे सोपे होते.

येथे एक सापळा आहे. विक्रेत्याच्या ताब्यात झालेल्या नुकसानीची दुरुस्ती ‘तुमच्या इन्शुरन्समध्ये करून टाकू’ असे अनेकदा सुचवले जाते. त्याला नकार द्यावा. पॉलिसी ग्राहकाच्या नावावर असते, त्यावर दावा लागला की पहिल्या वर्षानंतर मिळणारा २० टक्के नो-क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट) जातो, आणि ताब्यात येण्यापूर्वीच्या नुकसानीसाठी तसा दावा करणे सचोटीचेही नाही. दुरुस्ती विक्रेत्याच्या खर्चाने व्हावी, आणि तिचा गाडीच्या किंवा बॅटरीच्या वॉरंटीवर परिणाम होणार नाही असे पत्र कंपनीकडून मिळावे. या बाबतीत शोरूमचे पत्र पुरेसे नाही. वाद सुरू असताना कर्जाचे हप्ते थांबवू नयेत, बँकेचा त्या वादाशी संबंध नसतो आणि पत मात्र ग्राहकाची बिघडते.

पाचवी पायरी: हुकलेल्या सवलतींचा माग

टॅक्स इन्व्हॉइस हा मुख्य पुरावा. इलेक्ट्रिक कारवर जीएसटी ५ टक्के आहे. सवलत कर लागण्यापूर्वीच्या किमतीतून वजा झाली आहे का, ते पाहावे. दहा लाखांवरील गाडीवर घेतला जाणारा १ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळी विक्रेत्याने गोळा केलेला प्राप्तिकर) ही गमावलेली रक्कम नाही. विवरणपत्र भरताना ती जमेस धरता येते. बॅटरीवरील वाहनांना नोंदणी प्रमाणपत्राचे शुल्क ऑगस्ट २०२१ पासून माफ आहे आणि महाराष्ट्रात मोटार वाहन करातही सूट आहे. तरीही ‘आरटीओ खर्च’ म्हणून मोठी रक्कम लावली असेल, तर तिची सरकारी पावती मागावी.

टोलमाफीचेही असेच आहे. राज्याच्या २०२५ च्या धोरणानुसार इलेक्ट्रिक कारना अटल सेतू, मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर टोल माफ आहे; अटल सेतूवर तिची अंमलबजावणी २२ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाली. नव्या गाडीचा फास्टॅग बहुधा चासी क्रमांकावर दिलेला असतो, त्यावर नोंदणी क्रमांक चढवून घ्यावा आणि आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) इंधनाचा प्रकार बरोबर आहे ना, ते पाहावे.

एक्स्चेंज आणि कॉर्पोरेट बोनसची रक्कम विक्रेता कंपनीकडून मागतो आणि कागद अपुरे असतील तर ती अडते. जुन्या गाडीची आरसी, हस्तांतराचा पुरावा आणि ओळखपत्र दिल्याची पोच घेतलेली असेल, तर ‘तुमचे कागद आले नाहीत’ हे उत्तर टिकत नाही.

सहावी पायरी: दाद मागणे

पत्र विक्रेता आणि कंपनी या दोघांनाही, पहिल्या दिवसापासून पाठवावे. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील एका खरेदीच्या प्रकरणात निकाल दिला, तो यासाठी लक्षात ठेवावा. २०११ च्या मॉडेलचे पैसे घेऊन विक्रेत्याने २००९ साली तयार झालेली, वापरलेली गाडी दिली, अशी ती तक्रार होती. विक्रेता हा स्वतंत्र व्यापारी आहे आणि त्याच्या कृत्याची कंपनीला माहिती असल्याचे सिद्ध झालेले नाही, या कारणाने न्यायालयाने टाटा मोटर्सला जबाबदारीतून मुक्त केले. कंपनीला वेळेत कळवलेले प्रत्येक पत्र म्हणूनच पुढे उपयोगी पडते.

उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. अनेक प्रकरणे तेथेच मिटतात. त्यानंतर मुदत घालून नोटीस द्यावी आणि मग जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणे ही सेवेतील त्रुटी आहे. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल, तर तक्रार जिल्हा आयोगाकडे, ग्राहक राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यातही, करता येते. दहा ते वीस लाखांच्या गाडीसाठी शुल्क ४०० रुपये आणि वीस ते पन्नास लाखांच्या गाडीसाठी १,००० रुपये आहे. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल होते आणि वकील नेमणे बंधनकारक नाही. उत्पादनातील दोषाचा मुद्दा असेल, तर आयोग गाडीची तज्ज्ञ तपासणी करवून घेऊ शकतो. तशी विनंती तक्रारीतच करावी, आणि तोपर्यंत बाहेरच्या गॅरेजमध्ये त्या भागाला हात लावू देऊ नये. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे, आणि ‘बघतो, सांगतो’ अशा फोनवरच्या आश्वासनांनी ती वाढत नाही.