ज्येष्ठांच्या हाती सुई, सूर आणि रंग : साप्ताहिक कलासत्र कसे चालवावे

ज्येष्ठ नागरिक संघात किंवा वृद्धाश्रमात सांस्कृतिक कार्यक्रम म्हटला की त्याचे स्वरूप बहुधा ठरलेले असते. समोर शाळकरी मुले नाचतात किंवा एखादा हौशी गायक गातो, ज्येष्ठ खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवतात आणि शेवटी शाल, श्रीफळ व अल्पोपाहार होतो. त्या तासापुरता आनंद मिळतो, हे खरे आहे. परंतु ज्यांनी आयुष्यभर हातांनी काम केले त्यांना आपण तिथे केवळ प्रेक्षक करून बसवतो. कलेचा उपयोग ज्येष्ठांच्या मनःस्वास्थ्यासाठी करायचा असेल, तर कलाकृती त्यांच्याच हातून घडली पाहिजे आणि ती घडवताना थोडे कष्ट, थोडे नवे शिकणेही झाले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

या मताला आधार आहे. अमेरिकेतील वृद्धमानसोपचारतज्ज्ञ जीन कोहेन यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात वॉशिंग्टन परिसरातील ज्येष्ठांचा एक गट व्यावसायिक संचालकाच्या हाताखाली नियमितपणे समूहगायन शिकत होता. त्यांचे सरासरी वय ८० च्या आसपास होते. वर्षभरानंतर तुलनेसाठी घेतलेल्या दुसऱ्या गटापेक्षा त्यांच्या डॉक्टरांकडच्या फेऱ्या, औषधांचा वापर आणि पडण्याचे प्रसंग कमी असल्याचे आढळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने २०१९ मध्ये तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हाही कलांचा आरोग्याला हातभार लागतो असेच चित्र समोर आले. तरीही कुटुंबीयांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे की कलेमुळे स्मृतिभ्रंश बरा होत नाही आणि चालू असलेली कोणतीही गोळी त्यासाठी बंद करायची नाही.

आधी भेटी, मग सत्र

गट आठ ते दहा जणांचा असावा आणि दर तीन-चार जणांमागे एक मदतनीस असावा. वार आणि वेळ बदलू नये. सकाळी साडेदहा ही वेळ उत्तम. दुपारची झोप आणि चहा झाल्यावर चारची वेळही चालते. त्याहून उशीर करू नये, कारण स्मृतिभ्रंश असलेल्यांची अस्वस्थता अनेकदा संध्याकाळकडे वाढते. एका तासाहून मोठे सत्र नको. शौचालय जवळ असावे आणि खुर्च्यांना हात असावेत.

ऐकू कमी येते म्हणून ध्वनिवर्धकाचा आवाज चढवणे ही सर्रास होणारी चूक आहे. उतारवयात प्रामुख्याने उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. त्यामुळे स, श, त, क यांसारखी व्यंजने निसटतात आणि शब्द ऐकू आला तरी कळत नाही. म्हणून पंख्याची घरघर आणि बाहेरचा गलका कमी करावा, समोर बसून सावकाश बोलावे आणि खिडकीकडे पाठ करून उभे राहू नये, कारण मग आपल्या तोंडावर सावली पडते व ओठांची हालचाल दिसत नाही. डोळ्याचे भिंगही वयाबरोबर पिवळट होते आणि फिके निळे, जांभळे, करडे रंग एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात. रंग असोत वा दोरा, ते ठळक आणि एकमेकांपासून उठून दिसणारे घ्यावेत. लहान मुलांची कार्टूनची रंगवही मात्र चुकूनही आणू नये. ऐंशी वर्षांच्या माणसाचा त्यात अपमान आहे.

पहिल्या सत्रापूर्वी प्रत्येकाची स्वतंत्र भेट घ्यावी. त्या भेटीत ‘तुमचा छंद कोणता?’ असे विचारल्यास ‘आम्हाला कसले आलेत छंद’ हेच उत्तर मिळते. त्याऐवजी दिवसाविषयी विचारावे : पहाटे पहिले काम काय असायचे, ते करताना कोण सोबत असे, तोंडी काही गाणे असे का. मग कोणी मोटेवरची गाणी सांगतो, कोणी लेझीमचे हात करून दाखवतो, कोणी शिवणयंत्रावर संसार चालवल्याचे सांगते. हातांना आधीपासून काय येते याची ही यादीच पुढच्या आठ-दहा आठवड्यांचा आराखडा ठरवते.

ओवीपासून सुरुवात

गटात खेड्यात वाढलेल्या पंचाहत्तरीच्या पुढच्या स्त्रिया असतील तर जात्यावरच्या ओवीइतकी चांगली सुरुवात दुसरी नाही. पिठाची गिरणी गावात येण्यापूर्वी त्यांनी स्वतः दळलेले असते, किंवा निदान आईच्या मांडीवर डोके ठेवून ते ऐकलेले असते. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हाँ या समाजअभ्यासकांनी पुण्यातून सुरू केलेल्या संकलनात महाराष्ट्रातील गावोगावच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आणि त्यांतील पुष्कळ आता ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या ग्रामीण जीवनाची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळावर वाचता-ऐकता येतात. त्यांतली एखादी ओवी सत्राच्या आरंभी ऐकवावी, पण दोन मिनिटांहून अधिक नाही, नाहीतर आपले ज्येष्ठ पुन्हा श्रोते होऊन बसतात.

त्यानंतर एक लहान जाते टेबलावर ठेवावे आणि दोघींना समोरासमोर बसवून खुंटा धरायला सांगावे. ओवी नुसती ‘म्हणून दाखवा’ म्हटले की आठवत नाही. हात फिरू लागला की ओठांवर येते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. ओवी शब्दांइतकीच त्या फिरण्याच्या लयीतही साठवलेली असते. खांदा दुखत असेल तर जाते ओढायला लावू नये, टेबलावर हात गोल फिरवला तरी पुरे. गाण्याची पट्टी सर्वांत थकलेल्या आवाजाने ठरवावी. पेटी वाजवणाऱ्याने आपला सूर आधी देऊ नये. आजींनी लावलेला सूर त्याने शोधून घ्यावा.

दोन-तीन सत्रांनंतर नवी ओवी रचायला घ्यावी. जुन्या ओव्यांत भाऊ, माहेर, लेक आणि पंढरीचा विठ्ठल येतो. आता परदेशी गेलेल्या नातवावर, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेवर किंवा बंद पडलेल्या गिरणीवर ओवी होऊ शकते. पहिली ओळ एकीने म्हणावी, दुसरी दुसरीने जोडावी. मदतनीसाने ती उच्चारली तशीच लिहून घ्यावी. ‘व्हता’चे ‘होता’ आणि ‘म्या’चे ‘मी’ करू नये, कारण बोली दुरुस्त केली की बाई गप्प होते आणि पुढच्या आठवड्यात ‘मला येत नाही’ म्हणते.

शहरात वाढलेल्यांना आणि पुरुषांना अर्थातच वेगळे दार लागते. त्यांच्यासाठी भजनातील टाळ, डफाचा ठेका किंवा बसून करता येणारे लेझीमचे हात उपयोगी पडतात.

गोधडी

गोधडीचे काम बहुतेकांना मनापासून आवडते, कारण त्यात एकाच वेळी हात गुंततात आणि तोंड मोकळे राहते. प्रत्येकाने घरून एक जुने कापड आणावे : लुगड्याचा पदर, धोतराचा तुकडा, नातीचे परकर-पोलके. सर्वांनी मिळून एकच मोठी गोधडी शिवण्यापेक्षा आधी प्रत्येकाने हातभर चौकोन शिवावा आणि मग ते जोडावेत. थरथरत्या हातालाही तेवढा तुकडा आवाक्यात वाटतो. मोठ्या नेढ्याच्या वीस-पंचवीस सुया आधीच ओवून उशीत टोचून ठेवाव्यात, कारण सुई ओवता न आल्यामुळे काम खाली ठेवणारे पुष्कळ असतात. टाका साधा धावदोऱ्याचाच असावा आणि कापडाच्या विरुद्ध रंगाचा जाड दोरा घ्यावा. वाकडा टाका उसवून पुन्हा घालू नये. सत्र संपताना सुया मोजून घ्याव्यात, हे मात्र विसरू नये.

पुरुष सुई धरायला प्रथम लाजतात. त्यांना कापड मापून कातरण्याचे किंवा रंगसंगती लावण्याचे काम दिले की पुढच्या आठवड्यात सुई ते स्वतःहून मागतात.

रांगोळी टेबलावर पाट ठेवून काढता येते. पुसून पुन्हा काढता येत असल्याने तिथे बिघडण्याची भीती नसते.

काही नाजूक बाबी

मंगळागौरीचे खेळ किंवा हळदीकुंकवाशी जोडलेली कला निवडताना गटातील विधवा स्त्रियांचा आधी विचार करावा. ज्या समारंभातून त्यांना अनेक वर्षे बाजूला बसवले गेले, तोच समारंभ आपण ‘उपक्रम’ म्हणून त्यांच्यासमोर मांडला तर जखम उघडी पडते. एखादीला त्यात भाग घेणे मुक्तीसारखे वाटेल, एखादीला असह्य होईल. म्हणून ते एकांतात विचारून ठरवावे.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला ‘आठवतंय का?’ हा प्रश्न कधीही विचारू नये, कारण ती एक परीक्षा असते आणि तिच्यात नापास होण्याची भीती असते. अमेरिकेत नाट्यक्षेत्रातील अभ्यासक अ‍ॅन बास्टिंग यांनी १९९० च्या दशकात स्मरणाऐवजी कल्पनेला हाक देणारी पद्धत विकसित केली, ती आपल्याकडेही वापरता येते. एखादे चित्र समोर ठेवावे, उदाहरणार्थ एसटीच्या थांब्यावर कोंबडी घेऊन बसलेला माणूस, आणि विचारावे : याचे नाव काय ठेवू या? हा कुठे निघाला असेल? आलेले प्रत्येक उत्तर फळ्यावर लिहावे आणि त्या उत्तरांची झालेली गोष्ट शेवटी मोठ्याने वाचून दाखवावी.

कधीतरी ओवी म्हणता म्हणता कोणी रडेल. अशा वेळी घाईने विषय बदलू नये किंवा ‘रडू नका’ म्हणू नये. शेजारी बसावे, पाणी द्यावे आणि गाणे संपवायचे की थांबवायचे हे तिलाच ठरवू द्यावे. परंतु खाणे-झोप उडाली असेल, जगण्यात अर्थ नाही असे शब्द वारंवार येत असतील, तर तो कलासत्राचा विषय राहत नाही. कुटुंबीयांशी बोलून डॉक्टरांची भेट लगेच ठरवावी.

ध्वनिमुद्रण किंवा छायाचित्रण करण्यापूर्वी प्रत्येकाची संमती घ्यावी आणि घेतलेले मुद्रण ज्याचे त्याच्या घरी पोहोचवावे. तयार गोधडीचे काय करायचे, हे गटाने ठरवावे. शेवटच्या सत्रात घरच्यांना बोलवावे, मात्र त्या दिवशी खुर्च्यांवर त्यांना बसवावे आणि पुढच्या सत्राची तारीख मंडळी उठण्यापूर्वी फळ्यावर लिहून ठेवावी.