घशासाठी सुंठ-ज्येष्ठमधाच्या गुळाच्या गोळ्या

या गोळ्यांचं सगळं पाकावर आहे. औषध थोडं कमी-जास्त झालं तरी चालतं, पाक कच्चा राहिला तर दुसऱ्या दिवशी डब्यात एकच गोळा सापडतो. करायच्या तर दिवाळीनंतर, संक्रांतीच्या आत. मराठवाड्यातली हवा तेव्हा कोरडी असते. पावसाळ्यात गूळ ओलावा ओढतो.

साधारण 80 गोळ्यांसाठी: चिक्कीचा गूळ 250 ग्रॅम, पाणी पाव कप, सुंठपूड 8 ग्रॅम (सपाट 4 चमचे), ज्येष्ठमध पूड 6 ग्रॅम (3 चमचे), मिरेपूड 2 ग्रॅम (1 चमचा), लवंगपूड अर्धा चमचा, वसमतकडची चांगली हळद पाव चमचा, तूप 1 चमचा. साधा मऊ गूळ नको, त्याच्या गोळ्या रवाळ आणि चिवट होतात.

1. सगळ्या पुडी वस्त्रगाळ करून एकत्र ठेवा. ज्येष्ठमधाचे तंतू राहिले तर घशात टोचतात, खोकला उलट वाढतो.

2. परातीला तूप लावून ठेवा. पाक झाल्यावर शोधाशोध करायला वेळ मिळत नाही.

3. गूळ पाण्यात विरघळवून गाळून घ्या, तळाशी हमखास खडा-माती निघते. जाड बुडाच्या कढईत मध्यम आचेवर उकळा. फेस वर येतो, म्हणून कढई खोल हवी.

4. फेस बारीक आणि दाट झाला की आच मंद करून दर अर्ध्या मिनिटाला थेंब गार पाण्यात टाकून बघा. आधी मऊ गोळी होते, मग दाताला चिकटणारी. दोन्ही कच्च्याच. थेंब वाटीत पडताना टणकन वाजला, वाकवताना कट्कन मोडला की झालं. यापुढे एक मिनिट जरी गेलं तरी पाक करपून कडू होतो.

5. गॅस बंद करून मगच तूप आणि पुडी घाला. आचेवर घातल्या तर सुंठ जळते. भराभर ढवळून परातीत ओता.

6. कडा धरू लागल्या की तुपाच्या हातानं पेन्सिलीएवढी वळकटी ओढा आणि कात्रीनं बोराच्या बीएवढे तुकडे करा. पाक खूप गरम असतो, पोरांना जवळ येऊ देऊ नका. मध्येच कडक झाला तर परात मंद आचेवर क्षणभर धरा.

7. पूर्ण गार झाल्यावर पिठीसाखर-सुंठीत घोळवून काचेच्या बरणीत भरा. कोमट असताना भरल्या तर वाफ धरून चिकटतात.

दिवसाला 4-5 पुरेत, त्याही चघळून. चावून गिळल्या तर घशाला काही मिळत नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना देऊ नका, घशात अडकते. मधुमेह असेल तर गूळ नको. रक्तदाबवाल्यांनी आणि गरोदर बायकांनी ज्येष्ठमध वगळून सुंठ थोडी वाढवावी, तीही डॉक्टरांना विचारून.

खोकला दोन आठवड्यांवर गेला, तर गोळ्या बाजूला ठेवून सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. क्षयाची ही तपासणी तिथं मोफत होते.