दोरी आधी, ड्रिल नंतर

बडोद्यात इंटिरिअरचं काम शिकायला आलेल्या मुलांच्या हातात मी आधी ड्रिल देत नाही, ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन, भिंत उभ्यात सरळ आहे का ते बघायला) आणि दोरी देतो. दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या जुन्या घरांत त्याचं कारण कळतं. विटा-चुन्याची भिंत नजरेला सरळ वाटते, पण ओळंबा सोडला की तिचं पोट दिसतं. तिच्यावर प्लाय थेट मारलं, तर ते पोट पॉलिशच्या चकाकीत आणखी उठून दिसतं. म्हणून आधी लाकडी पट्ट्या मारून सगळं एका पातळीत आणायचं.

भिंतीवर उभ्या, आडव्या आणि तिरक्या दोऱ्या ताणून सगळ्यांत पुढे आलेली जागा शोधा. तिथली पट्टी पहिली, भिंतीला टेकवून. बाकीच्या तिच्या पातळीला आणायच्या आणि मागे फट राहील तिथे पॅकिंग, म्हणजे लाकडाचे पातळ तुकडे, सरकवायचं. दोन पाचरी उलटसुलट सरकवल्या की हवी ती जाडी मिळते. पॅकिंग मात्र स्क्रूच्या बरोबर मागेच हवं. चार बोटं बाजूला राहिलं, तर स्क्रू आवळताना पट्टी आत ओढली जाते आणि जमवलेली पातळी बिघडते. प्रत्येक स्क्रू आवळल्यावर दोरी पुन्हा बघा. कंटाळवाणं आहे, पण मला या कामातला हाच भाग सगळ्यांत आवडतो.

पट्ट्यांचं अंतर प्लायवर ठरतं. 8 बाय 4 फुटांचा शीट उभा लावायचा, तर 16 किंवा 24 इंचांवर पट्टी घ्या, म्हणजे 48 इंचांवरचा सांधा पट्टीच्या मध्यावर येतो. माप पट्टीच्या मध्यापासून मध्यापर्यंत धरा. उभ्या फळ्या लावायच्या असतील तर पट्ट्या आडव्या. इथले मिस्त्री माप सुतात सांगतात, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ते लवकर अंगवळणी पाडा.

चुन्याच्या गिलाव्यात प्लग, म्हणजे स्क्रू पकडायला भोकात बसवायची नळी, नुसता फिरतो. भोक विटेत जाईल एवढं खोल घ्या, स्क्रूही तेवढा लांब.

ओल असलेली भिंत झाकायला मालक कितीही घाई करोत, नाही म्हणा. गळती आधी शोधून बंद करायची, भिंत वाळू द्यायची. पट्ट्या सुकलेल्या लाकडाच्या, वाळवीचं औषध लावलेल्या आणि फरशीपासून थोड्या वर.

पाऊण इंचाची पट्टी आणि 12 मिमी प्लाय धरलं, तर भिंत सव्वा इंच पुढे येते. स्विचचे बॉक्स आणि दाराच्या चौकटीची कड त्या हिशेबानं पुढे घ्यावी लागते, तेव्हा इलेक्ट्रिशियनला पट्ट्या मारण्याआधीच बोलवा. वायरिंग कुठून गेलंय तेही त्याच वेळी भिंतीवर खडूनं आखून घ्या. टीव्ही किंवा कपाट टांगायचं असेल तिथे जादा पट्ट्या द्या आणि प्लाय चढवण्याआधी टेप धरून सांगाड्याचे फोटो काढून मालकांना पाठवा.